परत फिरायचं कोणी ठरवायचं?

दिवाळी सरली आणि पहाटेची हवा बोचू लागली की महाराष्ट्रातल्या हौशी धावपटूंचा खरा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची, आणि अधूनमधून गावोगावच्या दहा किलोमीटरच्या नि हाफच्या शर्यती. त्यासाठी सोळा-अठरा आठवड्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं किंवा मनगटावरच्या घड्याळात भरलेलं असतं, आणि रविवारच्या लाँग रनला सोबत म्हणून एखादा मित्र किंवा मैत्रीण ठरलेली असते. पण वेळापत्रकं मोडण्याचाही हाच हंगाम. लग्नसराई असते, घराघरांत सर्दी-खोकला असतो, शनिवारी रात्री हुरडा खायला गावाबाहेर गेलेला जोडीदार पहाटे उठेल याची शाश्वती नसते. आणि उठला तरी समोरच्या इमारतीचे वरचे मजले धुरक्यात दिसेनासे झालेले असतात. अशा वेळी त्या दोघांनी काय करायचं, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मला तो किरकोळ वाटत नाही, कारण सोबतीने पळण्यातून नेमकं काय मिळतं याचा निकाल तिथेच लागतो. माझं म्हणणं असं की, हिवाळ्यात जोडीदाराचं सगळ्यात मोलाचं काम आपल्याला अंथरुणातून ओढून काढण्याचं नसतं. बेत बिघडला की आपल्याला परत फिरवण्याचं असतं. तो अधिकार त्याला आधीच, स्पष्ट शब्दांत, देऊन ठेवायला हवा.

सोबतीची नेहमी सांगितली जाणारी बाजू खोटी नाही. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा कुणाच्या तरी बरोबरीने सायकल मारणारा वेगवान ठरतो, असं त्याला दिसलं. पुढे १९२०च्या दशकात बर्लिनमधल्या नौकानयन क्लबच्या सभासदांवर ऑटो कोलरने वजन उचलण्याचे प्रयोग केले. जोडीतला अशक्त गडी एकटा असताना जेवढा तग धरायचा, त्यापेक्षा जोडीत जास्त धरायचा. मात्र दोघांच्या ताकदीत फार तफावत असली की हा फायदा ओसरायचा, हेही त्यातूनच कळलं. एलियुड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, तेव्हा आळीपाळीने त्याच्या भोवती पळायला ४१ पेसर होते. तेव्हा सोबत माणसाला पुढे नेते, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की पुढे नेणाऱ्या या जोराला पुढे काय आहे ते दिसत नाही. हवा स्वच्छ असेल, तब्येत ठणठणीत असेल, तर तो जोर कामाचा. छातीत कफ भरलेला असताना तोच जोर चोवीस किलोमीटरची लाँग रन पुरी करून घेतो.

आपल्याकडच्या हिवाळ्यात थंडी हा मोठा धोका नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले का, याच्या बातम्या आपण हौसेने वाचतो, पण मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्याला थंडीने होणारा त्रास एका जादा टी-शर्टने आणि हातमोज्यांनी टळतो. त्रास देते ती हवा. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, आणि वरच्या उबदार थरामुळे धूर-धूळ वर जायची वाटच बंद होते. ऊन चढेपर्यंत ती तिथेच कोंडलेली राहते. म्हणजे रहदारी टाळायला म्हणून धावपटू जी वेळ निवडतात, ती बरेचदा हवेच्या दृष्टीने दिवसातली वाईट वेळ ठरते. त्यात बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, तर पळणारा त्याच्या आठ-दहापट, आणि तीही बरीचशी तोंडाने, नाकातली गाळणी वगळून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर 'समाधानकारक' असा हिरवट रंग दिसला की आपण निश्चिंत होतो. पण त्या श्रेणीत पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी घालून दिलेली मर्यादा १५ आहे. शिवाय हा निर्देशांक मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. पहाटे साडेपाचला आपल्या चौकात काय आहे, ते त्यातून कळेलच असं नाही. मुंबईची हवा इतकी बिघडली की २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला बांधकामांसाठी नियम काढावे लागले. पळणाऱ्या दोघांनी मात्र स्वतःसाठी कुठलाही नियम काढलेला नसतो.

नियम नसला की निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, आणि तिथेच गाडी अडते. ज्याने शर्यतीची फी भरली आहे, बिबवर नाव छापून यायचं आहे, सोळापैकी बारा आठवडे इमानाने पार पाडले आहेत, तो माणूस स्वतःच्या बाबतीत निष्पक्ष राहू शकत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काढणाऱ्यांपैकी काहींना कसलंही कारण नसताना सवलत दिली. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते, ते हंगामाच्या पहिल्या सहामाहीत सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. फरक खिशातून गेलेल्या पैशांचा. धावपटूच्या बाबतीत पैशांच्या जोडीला घाम गेलेला असतो, आणि घाम परत मिळत नाही ही जाणीव फार बोचरी असते. म्हणून अंगात कणकण असली तरी 'पळून घाम काढला की बरं वाटेल' हे वाक्य त्याला पटतं. गळ्याच्या वर त्रास असेल, म्हणजे नुसतं नाक वाहत असेल, तर हळू पळायला हरकत नाही. गळ्याच्या खाली उतरला, ताप, छातीतला खोकला किंवा अंगदुखी असेल तर पळायचं नाही, हा खेळाडूंमधला जुना ठोकताळा आहे, आणि त्याला आधारही आहे. विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असताना जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो. तो स्वतःला लावताना प्रत्येकाचा गळा थोडा खाली सरकतो.

जोडीदार इथे उपयोगी पडतो, कारण त्याला आपल्या घामाची किंमत मोजायची नसते आणि आपल्यात काय बिघडलंय ते त्याला आपल्या आधी दिसतं. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं खरं, पण थंडीत कातडीचा रक्तपुरवठा कमी झाला की त्याचा सेन्सर चुकतो. शेजारी पळणाऱ्याचा कान तेवढा चुकत नाही. लाँग रनचा वेग गप्पा मारता येतील इतकाच ठेवायचा असतो, आणि त्या गप्पांमधूनच सगळं कळतं. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत ऑफिसातल्या साहेबांचं पुराण रंगवून सांगणारा माणूस पाचव्यापासून नुसतं 'हं' म्हणू लागला, सवयीच्या वळणावर पाण्यालाही थांबला नाही, स्पीडब्रेकरवर त्याचा पाय दोनदा घासला, तर काहीतरी बिनसलंय हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्याला स्वतःला विचारलं तर तो म्हणेल, 'काही नाही, होईल आत्ता ठीक.' त्याचं हे उत्तर खोटेपणाचं नसतं. दमलेल्या शरीरात आपल्या दमण्याचा अंदाज घेणारी शक्तीच आधी दमते. फार थंडीच्या मुलुखात तर याचा प्रत्यय भयंकर येतो. शरीराचं तापमान उतरू लागलं की बोलणं अडखळतं, बोटं ऐकत नाहीत, आणि त्याच वेळी 'मी बरा आहे' ही खात्री कायम असते.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: परत फिरायची मुभा दिली की शिस्त गेली, आणि शिस्त गेली की शर्यत गेली. तर आधी एका रविवारी किती जातं ते पाहू. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये चांगल्या सरावातल्या खेळाडूंचा व्यायाम पूर्ण बंद करून मोजमापं घेतली. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे सात टक्क्यांनी घटली. तीही पूर्ण विश्रांतीत, तीन आठवड्यांत. एक लाँग रन अर्ध्यात सोडली, किंवा रविवारची बुधवारी संध्याकाळी केली, तर शरीराला त्याची खबरही लागत नाही. उलट तापात केलेल्या एका लाँग रनने पुढचे तीन आठवडे जातात, हे पळणाऱ्या कुठल्याही गटात विचारून पाहावं. हरकतीचा दुसरा भाग जास्त खरा आहे. आळस कारणं शोधण्यात पटाईत असतो, आणि जोडीदार समजूतदार असेल तर दोन आळशी माणसं एकमेकांना आनंदाने माफ करत राहतात. त्यावर उपाय सोपा आहे. पहाटे सव्वापाचला रजईतून व्हॉट्सॲपवर टाकलेला नकार धरायचा नाही. ताप असेल तर गोष्ट वेगळी. पण एरवी बूट घालून, ठरलेल्या चौकात येऊन, समोरासमोर 'आज नको' म्हटलं तर ते धरायचं, आणि मग त्यावर चर्चा करायची नाही. एवढ्या थंडीत तिथवर आलेला माणूस आळसापोटी नाही म्हणणार नाही. आणि आलेच आहात तर चालून घ्या, टपरीवर चहा घ्या. भेट मोडायची नाही, बेत मोडायचा.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि ती माझ्या म्हणण्याच्या मुळावरच येते. सोबत माणसाला सावध करते, की बेसावध? इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेत हिमकडे कोसळून झालेल्या सातशेहून अधिक दुर्घटनांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेक ठिकाणी धोक्याच्या खुणा डोळ्यांसमोर होत्या, तरी मंडळी पुढे गेली. ओळखीच्या वाटेवर तर प्रशिक्षण घेतलेल्यांनीही न घेतलेल्यांइतकाच धोका पत्करला होता. ठरवलंय म्हणून, बाकीचे जाताहेत म्हणून, त्यातला अनुभवी माणूस गप्प आहे म्हणून. आपल्या रविवारच्या गटांना हे जसंच्या तसं लागू पडतं: दोघांच्याही मनात परत फिरायचं असतं, दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला पुढे जायचंय, आणि दोघंही धुरक्यात चोवीस किलोमीटर पळून येतात. ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. ती सोबतीच्या विरोधात मात्र जात नाही. न बोललेल्या सोबतीच्या विरोधात जाते. म्हणून नियम असा हवा की दोघांपैकी एकाने 'परत' म्हटलं की दोघांनी फिरायचं, कारण विचारायचं नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यावरून टोमणाही मारायचा नाही. शेवटचं कलम पाळायला सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात जरुरीचं. एकदा टोमणा बसलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत काय झालं, ते या संदर्भात आठवायला हवं. उंचावरच्या वाटेत अचानक गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गेले, आणि त्यांत त्या देशातले नामवंत धावपटू होते. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट सक्तीच्या यादीत नव्हतं, सगळ्यात खडतर टप्प्यावर मदतीचं ठाणं नव्हतं; दोष आयोजकांचा होता आणि तो चौकशीत त्यांच्या पदरात पडला. त्यातला एक तपशील मात्र धावपटूंनी स्वतःपुरता वाचावा. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी केली, गोधड्या दिल्या आणि वाचवलं. त्याला त्या शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं. जवळ घड्याळ नसलेल्या, पदकाची आस नसलेल्या माणसाला, हा गडी आता पळू शकत नाही, एवढंच दिसलं.

परत फिरण्याची तयारी असली की शर्यत हरलीच, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. १६ एप्रिल २०१८ची बॉस्टन मॅरेथॉन तीन-चार अंश तापमानात, मुसळधार पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाली. एप्रिल असूनही दिवस हिवाळ्याचाच होता आणि अनेक अव्वल खेळाडूंनी ती मध्येच सोडली. डेस लिंडेनला सुरुवातीपासून बरं वाटत नव्हतं. आपण बहुधा शर्यत सोडू, तेव्हा काही मदत हवी असेल तर सांग, असं तिने पळता पळता शॅलेन फ्लॅनगनला सांगून टाकलं. फ्लॅनगनला स्वच्छतागृहात थांबावं लागलं तेव्हा लिंडेनने वेग कमी करून तिची वाट पाहिली आणि तिला पुन्हा पुढच्या घोळक्यापर्यंत पोचायला मदत केली. स्वतःचा बेत तिने कधीच सोडून दिला होता. पुढे बाकीच्या गळत गेल्या आणि लिंडेन २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत जिंकली. १९८५ नंतर बॉस्टन जिंकणारी ती पहिली अमेरिकी महिला ठरली. यातून 'मैत्री केली की पदक मिळतं' असा बोध काढणं भाबडेपणाचं होईल. वेळही बॉस्टनच्या मानाने फारच संथ होती. पण थांबण्याची शक्यता मोठ्याने बोलून दाखवणं आणि कच खाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं त्या दिवसावरून नक्की दिसतं.

ही सगळी मांडणी एका ठिकाणी मला स्वतःलाच तोकडी वाटते, ती स्त्रियांच्या बाबतीत. हिवाळ्यात साडेसहापर्यंत उजाडत नाही. पुरुषाचा जोडीदार आला नाही तर तो कुरकुरत एकटा पळतो. बाईचा जोडीदार किंवा मैत्रीण आली नाही, तर अंधाऱ्या रस्त्यावर एकटीने पळायचं की घरी परतायचं हा तिच्यापुढचा प्रश्न असतो, आणि तो तिने निवडलेला नसतो. तिच्यासाठी सोबत ही अटच आहे. तेव्हा 'चौकात येऊन नाही म्हणा' हा नियम इथे थोडा वाकवायला हवा: येणं जमणार नाही याची शंका आली तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचं, म्हणजे तिला दुसरी सोय करता येईल किंवा वेळ उजेडात ढकलता येईल. आणि चौकापर्यंत येऊन बेत मोडला, तरी तिला घरापर्यंत सोबत करायची. काहींना एकटंच पळायला आवडतं, त्यांचं मन शांत होतं, हेही मला मान्य आहे. त्यांनी निदान परतायचं ठिकाण आणि वेळ घरी कुणाला तरी सांगून निघावं.

आयोजकांबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये दिल्लीची हाफ मॅरेथॉन नोव्हेंबरातल्या विषारी हवेत घेऊ नये म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशनने आवाज उठवला. शर्यत त्या वर्षी झालीच, पण पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरात आली. न्यूयॉर्कने २०१२ मध्ये चक्रीवादळानंतर अवघे दोन दिवस आधी मॅरेथॉन रद्द केली. शिकागोने २००७ मध्ये उकाड्यामुळे ती चालू असताना थांबवली. मोठ्या शर्यती मागे फिरू शकतात, तर आजारी पडलेल्या धावपटूला पुढच्या वर्षी पळायची सवलत देणं आपल्याकडच्या आयोजकांना जड जाऊ नये. फी बुडणार नाही हे कळलं, तर तापात स्टार्ट लाइनला उभं राहणारे निम्मे तरी घरी थांबतील असा माझा अंदाज आहे.

शेवटी, सगळं करूनही बेत कधी फारच वाईट रीतीने बिघडतो. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं आणि ४२ दगावले. प्रमाण अगदी नगण्य आहे, घाबरून घरी बसण्यासारखं नाही. पण जे वाचले, त्यांच्या वाचण्यात शेजारच्या माणसाने तात्काळ छाती दाबायला सुरुवात करणं हे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक होतं. तेव्हा येत्या रविवारी निघण्याआधी जोडीदाराच्या घरचा फोन नंबर, तो घेत असलेली औषधं आणि कुठून परत फिरायचं, एवढं विचारून ठेवा. सीपीआर मात्र दोघांनीही शिकून घ्या. त्याला एक सकाळ पुरते, आणि हवा वाईट म्हणून पळणं रद्द झालेली सकाळ त्याला चालते.